वाचक विचारतात : तत्त्वज्ञान शिकून हाती काय लागतं?

प्रश्न : बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. घरचे रोज विचारतात, 'हे शिकून करणार काय?' काय सांगू?
– विद्यार्थिनी, आर्वी तालुका

उत्तर : 'विचार करायला शिकते' असं सांगू नका; विचार घरातले सगळेच करतात. पुराव्यातून किती निघतं आणि कुठे ताणलं जातंय हे ओळखायला शिकते, असं सांगा. मग अभ्यासक्रमातलंच उदाहरण द्या. नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला, हा न्यायदर्शनातला, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनातला, अनुमानाचा जुना नमुना. न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथातच, त्यावर आक्षेप आहे : प्रवाह अडला तरी पाणी चढतं. भाष्यकार वात्स्यायनाचं उत्तर असं की नुसतं पाणी वाढणं हा हेतूच (निष्कर्षाला आधार देणारी खूणच) नव्हे. धारेचा वेग, फेस, वाहत येणारी पानं-लाकडं हे सगळं मिळून हेतू होतो.

आता हे वर्धा नदीला लावून बघा. अप्पर वर्धा धरणाची दारं उघडली की त्या दिवशी थेंब पडला नसला तरी धार जोरात आणि फेसाळ येते. म्हणजे वात्स्यायनाच्या खुणाही इथे पुरत नाहीत, धरणातून पाणी सोडलं का हे विचारावंच लागतं. जो हेतू निष्कर्ष खरा असताना दिसतो आणि नसतानाही दिसतो, तो सव्यभिचार. 'औषध फवारलं, बोंडअळी कमी झाली' यातही तीच गफलत असू शकते. न फवारलेल्या ओळींत अळी किती होती, हे कोणी पाहिलं? हा प्रश्न वावरात सुचला, तर शिक्षण अंगी लागलं म्हणायचं.

प्रश्न : सर युक्तिवादाचं विश्लेषण मागतात, माझा मात्र दरवेळी सारांश होतो. कुठे चुकतं?
– विद्यार्थी, दारव्हा

उत्तर : सारांशात लेखक काय म्हणाला ते येतं, विश्लेषणात कशाच्या जोरावर म्हणाला ते यायला हवं. अर्ध्या पानाहून मोठा उतारा घेऊ नका. वाक्यांना क्रमांक द्या. लेखकाला शेवटी जे पटवायचंय ते एका वाक्यात कागदाच्या तळाशी लिहा आणि प्रत्येक वाक्याआधी 'कारण' किंवा 'म्हणून' लावून वाचा. जिथे दोन्ही बसत नाहीत, ते वाक्य बहुतेक वेळा नुसती माहिती असते, खोडा.

खरं काम यापुढे आहे : न लिहिलेला आधार शोधणं. 'तो शिकलेला आहे, म्हणून ग्रामसभेत त्याचंच ऐकावं' यात 'शिकलेल्याचं म्हणणं बरोबरच असतं' हे गृहीत दडलंय. ते कागदावर आलं की युक्तिवाद आपोआप लटपटतो.

शेवटी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू. विरोधकाने वाचून 'हो, हेच म्हणतो मी' म्हणावं इतका चांगला तो मांडा. बहुतेक मुलं इथेच घसरतात. विरोधकाचं म्हणणं मुद्दाम लंगडं करून मांडतात आणि दोन ओळींत पाडतात. गाइडमध्ये खंडन तयार मिळतं, त्यामुळे ही सवय आणखी पक्की होते. आठवड्याला एक उतारा पुरे, पण हाताने लिहून.

प्रश्न : पोरगी यूपीएससीचं म्हणते. या विषयाचा फायदा होईल का?
– पालक, चामोर्शी

उत्तर : भाऊ, होईल; पण विषय घेतला म्हणून गुण पडत नाहीत. मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक घेता येतं : प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर, म्हणजे लेखी 1750 पैकी 500. शिवाय नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो. उत्तरं मराठीत लिहिता येतात. वैकल्पिकमध्ये 10 गुणांच्या प्रश्नाला सुमारे 150 शब्द मिळतात, आणि वर्गात चार-चार पानं लिहायची सवय झालेली मुलं तिथे अडतात. तेव्हा तिला आतापासूनच घड्याळ लावून 150 शब्दांत लिहायला सांगा. निवड नाहीच झाली, तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. आहे, त्याच्या सीईटीतही तर्काचे प्रश्न असतात. प्राध्यापकी हवी असेल तर आधी एम.ए., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.