'ब्लेड रनर' या चित्रपटात रॉय बॅटीने टायरेलला इतक्या क्रूरपणे मारणं समर्थनीय आहे का?

माझ्या मते टायरेलच्या खुनातली क्रूरता कथेला हवी होती, पण रॉयला मदत करणाऱ्या सेबॅस्टियनच्या खुनाला कुठलंही समर्थन नाही. दोन्ही खून एकाच रात्री, एकाच माणसाने केलेले असले तरी ते एका मापाने मोजू नयेत.

रॉयचं गणित आधी बघा. तो टायरेलच्याच कंपनीने बनवलेला नेक्सस-६ जातीचा रेप्लिकंट, म्हणजे हुबेहूब माणसासारखा कृत्रिम जीव. निर्मितीची तारीख ८ जानेवारी २०१६, कथा घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये, आणि आयुष्य मुद्दामच चार वर्षांचं ठेवलेलं. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. तो टायरेलकडे येतो तो आयुष्य वाढवून मागायला. आल्या आल्या हात उचलत नाही. रसायनाने जनुकीय बदल, पेशींना रोखणारं प्रथिन असे एकेक उपाय तो जाणकारासारखे सुचवतो आणि टायरेल प्रत्येक उपाय का फसतो ते शांतपणे सांगतो. मग रॉय कबूल करतो की आपल्या हातून वाईट कामं झाली आहेत. दृश्याची कळ इथे आहे. टायरेल ती कबुली झटकून टाकतो, वर कौतुक करतो. आयुष्य मिळत नाही, आणि ज्याला तो बाप मानतो तो त्याची अपराधाची भावनाही ऐकून घेत नाही. त्यानंतर रॉय त्याचं चुंबन घेतो, डोकं दोन्ही हातांत धरतो आणि अंगठे डोळ्यांत घालतो.

डोळेच का, याचीही तयारी चित्रपटाने आधीपासून केलेली आहे. रेप्लिकंट ओळखायची चाचणी बुबुळावर चालते, रॉय आधी डोळे बनवणाऱ्या च्यूला गाठतो, आणि टायरेलचा चष्मा तर जाडजूड भिंगांचा. त्यामुळे हे रक्त नुसतं धक्का द्यायला ओतलंय असं मला वाटत नाही. मात्र तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली त्यावर मत बदलू शकतं. १९८२ च्या अमेरिकी आवृत्तीत हा भाग कापलेला होता. परदेशी आवृत्तीत आणि २००७ च्या 'फायनल कट'मध्ये तो दिसतो.

सेबॅस्टियनचं तसं नाही. त्याने रॉयची साथीदार प्रिस हिला आसरा दिला, रॉयला टायरेलपर्यंत पोचवलं. अकाली म्हातारपणाच्या आजाराने त्याचंही आयुष्य आखूडच. त्याचा खून कॅमेरा दाखवतच नाही. पोलिसांच्या बोलण्यातून मृतदेह सापडल्याचं कळतं, तेही ओझरतं. दिग्दर्शक रिडली स्कॉटने तो दाखवला असता तर शेवटी रॉयबद्दल करुणा वाटणं फार कठीण गेलं असतं. ही चलाखी आहे आणि मला ती खटकते, कारण ज्याने मदत केली त्याचाच हिशेब प्रेक्षक विसरून जातो.

पुन्हा बघाल तेव्हा रॉयची दुसरी साथीदार झोरा हिचा मृत्यू टायरेलच्या खुनाशेजारी ठेवून बघा. रेप्लिकंट मारायला कायद्याने नेमलेला डेकार्ड तिला पळताना पाठीत गोळ्या घालतो, ती काचांमागून काचा फोडत कोसळते, आणि कॅमेरा ते संथ गतीने दाखवतो. शेवटी रॉय डेकार्डची दोनच बोटं मोडतो, एक झोरासाठी आणि एक प्रिससाठी, आणि पिस्तूल त्याच्या हातात परत देतो. पुढे बधिर होत चाललेला आपला हात जागा राहावा म्हणून तो त्यात खिळा खुपसतो, आणि छतावरून निसटणाऱ्या डेकार्डला धरतो तेव्हा तो खिळा हातात तसाच असतो.