क्लोन म्हणजे कलमच!

प्रश्न आला आहे : 'क्लोनला मराठीत प्रतिकृती म्हणावं का? आणि भारतात माणसाचा क्लोन करणं बेकायदा आहे का?'

प्रतिकृती नको. प्रतिकृती रायगडाची असते, मूर्तीची असते. 'पोरगा म्हणजे अगदी बापाचा क्लोन' हे तर ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, त्या पोरात निम्मी आई आहे! उलट खरा क्लोन एकाच जीवापासून वाढवलेला असतो, तरी दिसायला सारखा निघेलच असं नाही. २००१ साली टेक्सासमध्ये 'सीसी' ही क्लोन केलेली मांजर जन्मली. मूळ मांजरी तिरंगी, हिच्या अंगावर केशरी ठिपकाही नाही.

आता खरी गंमत. ग्रीक 'क्लोन' म्हणजे डहाळी, फुटवा. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शब्द घेतला तो कंद, छाट आणि कलमांपासून वाढवलेल्या झाडांसाठी. प्रयोगशाळेत शिरण्याआधी तो बागेतलाच होता, आणि आपल्या बागेत त्याला शब्द आहे कलम! रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधली की फळ हापूसचं. १९९६ साली स्कॉटलंडच्या रॉस्लिनमध्ये डॉली या क्लोन मेंढीचं वेगळं काय झालं? बीजांड काळ्या तोंडाच्या मेंढीचं. त्यातलं केंद्रक काढून पांढऱ्या तोंडाच्या फिन डॉर्सेट मेंढीच्या कासेतली पेशी त्याला जोडली. कोकरू झालं पांढऱ्या तोंडाचं. २७७ जोडण्यांतून जगलेलं हे एकच. कोकणात असल्या हाताच्या माळ्याला कुणी कामावर ठेवलं नसतं.

'कलम' अरबीतून आला, अरबीत ग्रीक 'कालामोस'वरून, म्हणजे बोरूवरून. काही संस्कृताभिमानी लगेच रघुवंश उघडतात : रघूने वंगराजांना 'कलमा इव' उपटून पुन्हा रोवलं, 'उत्खातप्रतिरोपिताः'. श्लोक देखणा, पण तो कलम म्हणजे भात. भाताची लावणी करतात, कलम बांधत नाहीत. एवढं शेतावर जाऊन पाहिलं असतं तरी कळलं असतं. माझ्या मते बोरू आणि कलमाची काडी, दोन्ही तिरक्या छेदाने तासतात. झाडाला हे नाव चिकटलं ते त्या छेदामुळे. अरबीत नखं कापण्याचं क्रियापदही याच धातूचं, आणि हिंदीवाले तर 'सर कलम' करतात. ग्रीक 'क्लोन'सुद्धा 'मोडणे' या क्रियापदावरून आलाय. मूळ निरनिराळी, पण दोन्हीकडे तोडातोडच.

हो, कायदा राहिला. ब्रिटनने २००१ मध्ये खास कायदा करून मानवी क्लोन जन्माला घालणं गुन्हा ठरवलं. आपल्याकडे मूलपेशी संशोधनाच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मनाई आहे. जनावरांचं काम मात्र उघड चालतं : कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये 'गरिमा' हे म्हशीचं रेडकू जन्मलं, २०२३ मध्ये 'गंगा' ही गीर कालवड.

'कलमी म्हैस' म्हणायला ज्यांची जीभ अडखळते, त्यांनी आधी 'कलमी आंबा' म्हणणं सोडावं.