न्यूयॉर्कमध्ये दिवाळखोरीची वकिली करायची असेल तर

मुंबईत एनसीएलटीसमोर, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी चालते त्या न्यायाधिकरणासमोर काम केलंय, नवऱ्याची न्यूयॉर्कला बदली होतेय, तर त्याच अनुभवावर इथे बँकरप्सीत शिरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शिरता येईल, पण तो अनुभव फारसा कामी येणार नाही.

तिथे तुमच्यासमोर कंपनी असते, बँकांची समिती असते. क्वीन्समधल्या माझ्या ऑफिसात येतात नर्स, दुकानदार, टॅक्सीवाले. २०१४ च्या सुमारास टॅक्सी मेडॅलियनचा, म्हणजे टॅक्सी चालवण्याच्या परवान्याचा भाव १० लाख डॉलरवर गेला होता. कर्ज काढून घेतलेल्या त्या परवान्यांचे भाव पुढे कोसळले, त्यात कितीतरी देशी ड्रायव्हर बुडाले. अशांची केस दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर ७ मध्ये जाते किंवा १३ मध्ये. सातमध्ये कायद्याने संरक्षण नसलेली मालमत्ता असलीच तर ट्रस्टी (केस सांभाळायला नेमलेला माणूस) विकतो आणि बहुतेक कर्ज माफ होतं. तेरामध्ये ३ ते ५ वर्षं हप्ते भरायचे.

कोर्टात युक्तिवाद कमीच. २००५ च्या दुरुस्तीनंतर उत्पन्नाची चाचणी आली आणि अर्जावर सही करणाऱ्या वकिलाने माहिती तपासलीय हे गृहीत धरलं जाऊ लागलं. त्यामुळे दिवस जातो पगाराच्या स्लिपा नि बँक स्टेटमेंटं चाळण्यात. सातची फी आगाऊच घ्यावी लागते, नाहीतर तुमची थकबाकीही इतर कर्जांबरोबर माफ होते! म्हणजे दिवाळं काढायलाही माणसाला आधी पैसे साठवावे लागतात. कोर्टाचे ३३८ डॉलर वेगळेच.

तुमचा खरा उपयोग होईल तो वेगळ्याच ठिकाणी. अर्जात जगभरातली मालमत्ता दाखवावी लागते. आपली माणसं गावच्या जमिनीतला वाटा, पुण्यातला आईबरोबरचा फ्लॅट बिनदिक्कत विसरतात. 'सातबाऱ्यावर नाव आहे का?' असं मी थेट विचारते, तेव्हा कुठे आठवतं. ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो. लपवाछपवी सिद्ध झाली तर ५ वर्षांपर्यंत कैद. दाखवलं म्हणजे गेलंच असंही नाही, विकायला किचकट वाटा ट्रस्टी बरेचदा सोडून देतो. हे अशिलाला मराठी-हिंदीत पटवून सांगणारा वकील इथे सहज सापडत नाही.

पण याच एका कामावर विसंबू नका. देशभरातले अर्ज २०१० मध्ये १५ लाखांवर होते, २०२२ मध्ये ४ लाखांच्या आत आले. त्या काळात माझं ऑफिस घरांच्या खरेदी-विक्रीच्या कामांवर तगलं.

आता परवान्याचं. कोर्ट फेडरल असलं तरी आधी राज्याची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेची परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत आणि जुलैत होते. तुमची एलएलबी कालावधीने नि अभ्यासक्रमाने समतुल्य ठरली तर न्यूयॉर्कमध्ये थेट बसता येतं, नाहीतर २४ क्रेडिटचं एलएलएम. म्हणून कॉलेजची फी भरण्याआधी ही परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्या. शिवाय एमपीआरई ही वकिली नीतिनियमांची वेगळी परीक्षा आणि ५० तासांचं विनामोबदला काम आहेच.

त्याआधी व्हिसा बघा. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी नसेल तर स्वतःची प्रॅक्टिससुद्धा चालत नाही, आणि ईएडीसाठी साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज) मंजूर झालेला लागतो. तोवर ओळखीपाळखीत 'फॉर्म भरून देते' असली कामं घेऊच नका. सनदेशिवाय सल्ला देणं इथे फार महागात पडतं.

मूल्यांकनासाठी गुणपत्रिका विद्यापीठाने थेट बोर्डाला पाठवायच्या असतात. इथून फोन करून ते काम होत नाही, तेव्हा निघण्याआधी स्वतः खिडकीवर उभं राहून मार्गी लावा.