एक्झोसोम आणि मेंदूची दुखापत

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला मार लागला. सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही, तरीही त्याची डोकेदुखी, विस्मरण आणि चिडचिड अजून थांबलेली नाही. आता एका ठिकाणी आम्हाला ‘एक्झोसोम’चे इंजेक्शन सुचवले आहे. एक्झोसोम म्हणजे काय? त्यांवरून मेंदूची दुखापत कळते का आणि इंजेक्शनाने ती बरी होते का?

उत्तर : प्रश्नाचा शेवटचा भाग निकडीचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करते. मेंदूच्या दुखापतीवर एक्झोसोमचे इंजेक्शन हा मान्यताप्राप्त उपचार नाही. अशी इंजेक्शने घेतलेल्या काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला आणि आपण एकाही एक्झोसोम उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही, असे त्यात स्पष्ट केले. पैसे घेऊन हे इंजेक्शन देणाऱ्यांपासून भावाला दूर ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र यामागचे विज्ञान खोटे नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्याशा पिशव्या, बाहेर सोडत असते. त्यांतील साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या, पेशीच्या आत तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पुटिकांना एक्झोसोम म्हणतात. १९८३ मध्ये अपक्व तांबड्या पेशींचा अभ्यास करताना त्या प्रथम नीट ओळखल्या गेल्या, तेव्हा पेशी त्यांतून नको असलेले प्रथिन टाकून देते एवढेच लक्षात आले होते. या पुटिका आरएनए, म्हणजे जनुकांतील माहितीची नक्कल वाहणारा रेणू, हाही वाहून नेतात आणि तो दुसऱ्या पेशीत पोहोचून कामाला लागतो, हे २००७ मध्ये दिसले, आणि ज्याला कचरा समजले जात होते ते पेशींमधील निरोपाचे साधन ठरले.

निदानासाठी त्यांचे मोल येथेच आहे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते, परंतु धक्क्याने ताणले गेलेले चेतातंतू बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे भावाचा स्कॅन निर्दोष असणे आणि त्याचा त्रास खरा असणे यांत विसंगती नाही, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे. मेंदूतील पेशींच्या पुटिका रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा ओलांडून रक्तात येऊ शकतात, आणि पटलाच्या आवरणामुळे आतील प्रथिने व आरएनए विघटनापासून बरेच सुरक्षित राहतात. डोक्याला वारंवार मार लागलेल्या माजी सैनिकांच्या रक्तातील पुटिकांमध्ये चेतापेशींच्या हानीशी निगडित ‘टाऊ’सारख्या प्रथिनांचे प्रमाण कित्येक वर्षांनंतरही वाढलेले आढळले आहे.

अडचण आहे ती असंख्य पुटिकांतून मेंदूच्याच पुटिका वेगळ्या काढण्याची. त्यासाठी अनेक प्रयोगशाळा चेतापेशींच्या पृष्ठभागावर आढळणाऱ्या ‘एल१कॅम’ या प्रथिनाचा खूण म्हणून आधार घेत होत्या, परंतु रक्तद्रवातील हे प्रथिन पुटिकांना जोडलेले नसून बहुतांशी सुटेच असते, असे २०२१ मध्ये दाखवण्यात आले. त्यामुळे आधीचे अनेक निष्कर्ष पुन्हा तपासून पाहणे भाग आहे. मेंदूच्या सौम्य दुखापतीसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेली रक्तचाचणी पुटिकांवर आधारलेली नाही. ती दोन प्रथिने थेट रक्तात मोजते आणि मार लागल्यापासून १२ तासांच्या आत सीटी स्कॅनची गरज ठरवण्यापुरती आहे. सहा महिन्यांनी तिचा उपयोग नाही.

उपचाराची कल्पना मूळपेशींच्या (इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी, म्हणजे स्टेम सेल) प्रयोगांतून आली. शिरेतून दिलेल्या मूळपेशी बहुतांशी फुप्फुसांतच अडकत, तरी मेंदूला फायदा होई, म्हणून हे काम त्यांनी सोडलेल्या पुटिका करत असाव्यात असा तर्क झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दुखापतीनंतर एका दिवसाने केवळ अशा पुटिका दिलेल्या उंदरांची हालचाल आणि शिकण्याची क्षमता सुधारली, तसेच मेंदूतील दाह कमी झाला. मला हे काम मनापासून आशादायक वाटते. परंतु त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात, जखमी मेंदूतून सुटलेल्या पुटिकांनीच उंदरांमध्ये रक्त गोठण्याची क्रिया बिघडवल्याचे दिसले. पुटिका कोणत्या पेशींच्या, किती शुद्ध आणि किती मात्रेत, यावर सारे अवलंबून असते, आणि तुम्हाला सुचवलेल्या कुपीबद्दल नेमके हेच कोणी खात्रीने सांगू शकणार नाही.

भावाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या आणि स्मरणशक्ती, झोप, मनःस्थिती व शरीराचा तोल यांची स्वतंत्र तपासणी करून घ्या, कारण यांतील प्रत्येक तक्रारीवर आज उपचार आहेत. जाण्यापूर्वी दोन आठवडे डोकेदुखीची वेळ, झोपेचे तास आणि घेतलेल्या गोळ्या रोज लिहून ठेवा. ती वही तज्ज्ञांना फार उपयोगी पडेल.