तुमचे प्रश्न : दुकानातला झळझळीत टीव्ही घरी कसा दिसेल?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. दिवाळीच्या बोनसमधून ५५ इंची टीव्ही घ्यायचं ठरलंय. मागच्या रविवारी नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो, भिंतीवर आठ-दहा टीव्ही ओळीनं लावलेले, सगळ्यांवर तेच ते पोपट आणि फुलं, आणि त्यात एक इतका लख्ख दिसत होता की आमचे हे तिथंच पैसे भरायला निघाले, मीच थांबवलं. सेल्समन म्हणाला हा क्यूएलईडी आहे, शेजारचा साधा. पण मला तर शेजारच्याचंच चित्र डोळ्याला बरं वाटलं. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, आणि सासरे दिवाणावर बसून पार बाजूनं टीव्ही बघतात. चांगलं चित्र ओळखायचं कसं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. चाटी गल्लीत साडी घेताना आपण काय करतो, आतल्या लाइटात पसंत पडली तरी दारापाशी उजेडात नेऊन पदर उलगडून बघतो, कारण ट्यूबखाली दिसणारा रंग बाहेर वेगळाच निघतो हे आपल्याला माहीत असतं. टीव्ही काही उचलून दारात नेता येत नाही, म्हणून मग आपलं घरच थोडं दुकानात न्यायचं, म्हणजे घरचा व्हिडिओ, घरच्या बसण्याची जागा आणि घरचा उजेड.

आधी तो झळझळीतपणा कुठून येतो ते सांगतो. ओळीत लावलेल्या टीव्हींमध्ये आपली नजर जातेच सगळ्यात उजळ असेल त्याच्यावर. त्यामुळे दुकानात टीव्ही बहुतेक वेळा विव्हिड, डायनॅमिक किंवा स्टोअर मोडवर असतो, ब्राइटनेस पूर्ण वर, रंग भडक, आणि पांढरा रंग निळ्याकडे झुकलेला. पिक्चर तयार करताना स्टुडिओत पांढऱ्याचं जे माप धरतात ते ६५०० केल्विनच्या आसपासचं, आणि विव्हिडमध्ये पांढरा त्याच्यापेक्षा पुष्कळ निळा असतो. तेव्हा दुकानात गेल्या गेल्या रिमोट मागायचा आणि ज्या दोन टीव्हींमध्ये तुमचं मन अडकलंय ते दोन्ही सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोडवर टाकायला सांगायचे. पहिली दोन मिनिटं चित्र पिवळट आणि मंद वाटेल, सेल्समनही म्हणेल की मॅडम चित्र बसलं, पण तुम्ही थांबा, डोळा सरावतो आणि मग फरक दिसायला लागतो. तुम्हाला तो शेजारचा टीव्ही डोळ्याला बरा वाटला ना, माझा अंदाज आहे की तो बहुतेक साध्या स्टँडर्ड मोडवर असणार, म्हणून तुलना मोड सारखा करूनच करा, नाहीतर दोन टीव्हींची नाही तर दोन सेटिंगची तुलना होते.

आता घरचा व्हिडिओ. पोपट आणि फुलं बघून काही कळत नाही, तो पोपट खरा कसा दिसतो हे आपल्याला कुठं माहितीये? आपल्या माहितीचं बघायचं. फोनमध्ये गड्ड्याच्या यात्रेचे व्हिडिओ असतीलच, ते पेन ड्राइव्हवर घ्या, पण व्हॉट्सॲपवर आलेले नको, तिथं व्हिडिओ दाबून बारीक होतो आणि मग सगळेच टीव्ही धूसर दिसतात. मूळ फोनमधून केबलनं कॉपी करा.

नंदीध्वजाच्या मिरवणुकीत दुपारच्या उन्हात घेतलेला एखादा तुकडा लावा आणि फक्त बाराबंदीकडं, म्हणजे त्या बंदांच्या पांढऱ्या अंगरख्याकडं बघा. पांढऱ्यावर पांढरं, त्यातल्या चुण्या दिसतात का, बांधलेले बंद वेगळे कळतात का? खराब टीव्हीवर किंवा खराब सेटिंगवर बाराबंदी नुसती पांढऱ्या कागदासारखी सपाट होते. मग रात्रीचा तुकडा, शोभेच्या दारूकामाचा किंवा सिद्धेश्वराच्या तळ्यावरच्या रोषणाईचा. आभाळ काळं दिसतंय की राखाडी? दिव्याभोवती धुरकट वलय पसरतंय का? हे बघताना त्या टीव्हीवरची ट्यूब दोन मिनिटं बंद करायला सांगा, भिडस्तपणा करू नका, पन्नास हजाराची वस्तू घेताय. आणि तिसरं म्हणजे घरातल्या माणसाचा चेहरा. तुमच्या मुलाचा गव्हाळ रंग नेमका कसा आहे हे जगातल्या कुठल्याही तज्ज्ञापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे, तो जर टोमॅटोसारखा लाल दिसला तर बाकी काहीही असो, रंग चुकलेत. मी स्वतः टीव्ही बघताना सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्यावरच घालवतो.

आता सासऱ्यांचा प्रश्न, आणि तुमच्या घरासाठी मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एलईडी टीव्हीत मुख्य दोन प्रकारचे पॅनल येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा जास्त गडद, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला उजेडाचा फरक, साधारण ३००० ते ५००० ला एक असा असतो, पण बाजूला सरकलं की रंग फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट हजाराला एकच्या आसपास, म्हणजे अंधाऱ्या सीनमध्ये काळा जरा राखाडी वाटतो, पण बाजूनं बघितलं तरी चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. खोक्यावर पॅनलचं नाव बहुतेक लिहिलेलं नसतं आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या साइजमध्ये पॅनल बदलूही शकतं, त्यामुळे विचारत बसण्यापेक्षा घरी दिवाण टीव्हीपासून किती फूट लांब आणि मधोमध रेघेपासून किती फूट बाजूला येतो ते टेपनं मोजून जा, दुकानात बरोब्बर तिथं उभं राहा, शक्य असेल तर सासऱ्यांनाच घेऊन जा ना, रोज बघणारे तेच आहेत.

क्यूएलईडीबद्दल. तो एलईडीच आहे, मागून बॅकलाइट आणि पुढं एलसीडी पॅनल, फक्त मधे क्वांटम डॉटचा एक थर असतो त्यामुळे रंग जास्त भरदार येतात. चांगली गोष्ट आहे, पण त्या नावानं काळा गडद होत नाही की बाजूनं बघायची सोय होत नाही, क्यूएलईडीतही व्हीए पॅनल असू शकतं. ओएलईडी मात्र खरंच वेगळा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो, म्हणून काळा म्हणजे काळाच आणि बाजूनंही चित्र छान. तरी तुम्हाला मी तो सुचवणार नाही. महाग आहे हे एक, शिवाय सासरे दिवसभर बातम्यांचं एकच चॅनल लावत असतील तर खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो वर्षानुवर्षं एकाच जागी राहून त्याचा डाग उमटायची शक्यता असते.

आणि ती पश्चिमेची खिडकी! सोलापूरचं दुपारी चारचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं, त्या उजेडापुढं कुठल्याही टीव्हीचा काळा टिकत नाही. दुकानात टीव्ही बंद करून काचेत वरच्या ट्यूबचं प्रतिबिंब किती धारदार दिसतं ते बघा, दोन टीव्हींमध्ये ज्याच्यात ते पुसट दिसेल तो तुमच्या हॉलला चांगला. घरी टीव्ही खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावू नका, खिडकीच्याच भिंतीलाही नको, आडव्या भिंतीला लावा आणि खिडकीला जाड पडदा घ्या, या दोन गोष्टींनी जो फरक पडेल तो वीस हजार जास्त मोजूनही पडेल की नाही मला शंका आहे.

एचडीआरच्या, म्हणजे उजळ-गडद भाग जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राच्या स्टिकरला फार भुलू नका, तसले पिक्चर बऱ्याचदा १००० निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवतात आणि स्वस्तातले पॅनल २५०-३०० निट्सचे असतात, स्टिकरचा अर्थ फक्त एवढाच की टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो. साइज म्हणाल तर सात ते नऊ फुटांवर बसत असाल तर ५५ इंच योग्य. आणि शेजाऱ्यांनी आधी कितीला घेतला त्यावरून भाव करू नका, ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

तुमच्या जागी मी असतो तर बाजूनं चांगला दिसणारा, नाव साधं असलेला टीव्ही घेतला असता.

प्रश्न : दादा, आम्ही मोठ्या हौसेनं फोर-के टीव्ही आणला आणि केबलचं चित्र जुन्या टीव्हीपेक्षा खराब दिसतंय, चेहरे पसरट आणि कडा चिरलेल्या. दुकानात तर एकदम क्लिअर होतं. टीव्ही बदलून मागू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : थांबा, आधी टीव्हीच्या मागं बघा. साध्या एसडी चॅनलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखाच्या आत. तुमच्या फोर-के टीव्हीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखाच्या जवळ. बरोब्बर वीसपट. चॅनलकडून आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके अंदाजानं भरावे लागतात, मग चित्र विरळ विणीच्या कापडासारखं दिसणारच, जुन्या लहान टीव्हीवर ते झाकलं जात होतं. दुकानात तुम्ही बघितला तो बहुतेक फोर-के डेमो होता.

सेट टॉप बॉक्स एचडी आहे का आणि तो टीव्हीला कशानं जोडलाय ते बघा. पिवळी-लाल-पांढरी पिन असेल तर एचडी बॉक्स असूनही चित्र एसडीच येतं, मी कितीतरी घरांत हेच बघितलंय, लोक एचडीचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरतात आणि जोडणी पिवळ्या पिनेची. एचडीएमआय केबल लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडा. चेहरे पसरट दिसतायत ते जुन्या चौकोनी चित्राला ताणल्यामुळे, रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ किंवा ओरिजिनल करा. एवढं करून पेन ड्राइव्हवरचा चांगला व्हिडिओही खराबच दिसला तरच दुकान गाठा. दुकानात नेताना तोच व्हिडिओ सोबत ठेवा.

प्रश्न : आमची आजी तेलुगू पिक्चर बघते, नवीन टीव्हीवर सगळं शूटिंग चालू असल्यासारखं लई गुळगुळीत दिसतंय म्हणते. टीव्ही बिघडलाय का?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : बिघडला नाही, आणि आजींची नजर पक्की आहे. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो, त्यानं तो गुळगुळीतपणा येतो. पिक्चर सेटिंगमध्ये जा, सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, बाकी कंपन्यांत एमईएमसी असं काहीतरी नाव असेल, ते बंद करा. क्रिकेट बघताना कुणाला हवं असेल तर तेवढ्यापुरतं चालू करा, पण आजींचा पिक्चर लागायच्या आत परत बंद करा.