सहाव्या फेरीत निवडला गेलेला डिफेन्समन एएचएलमधून एनएचएलपर्यंत खरंच पोचतो का?

तुमच्या प्रश्नातला मुलगा वीस वर्षांचा आहे, आइस हॉकीत डिफेन्सला खेळतो, एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी मुलं निवडतात त्यात, सहाव्या फेरीत निवडला गेला आणि ज्युनिअर (कुमारांची लीग) संपवून या हंगामात एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या पायरीवरच्या लीगमध्ये, उतरतोय. गोल-असिस्ट बेताचे, अंगकाठी मध्यम. त्याला खरंच वाव आहे का आणि पहिल्या दोन वर्षांत त्याने कशावर मेहनत घ्यायची, असं तुम्ही विचारलंय.

वाव आहे, पण वाट अरुंद आहे. अशा मुलाचं भवितव्य पॉइंट्सच्या (गोल अधिक असिस्ट) रकान्यात ठरत नाही. आपल्या गोलमागच्या कोपऱ्यात पडलेला पक (खेळायची रबरी चकती), अंगावर माणूस धावून येत असताना, उचलून आपल्याच खेळाडूच्या स्टिकवर देता येतो का, यावर ते ठरतं. बाकी सगळं त्यानंतर येतं.

आधी जागांचा हिशेब. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघाच्या २३ जणांच्या यादीत डिफेन्समन सात किंवा आठ, त्यातले सहा सामन्यात उतरतात. म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून सव्वादोनशे ते अडीचशे जागा. सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून दरवर्षी जवळपास तेवढीच नवी मुलं येतात, अर्थात त्यात फॉरवर्ड आणि गोलीही असतात. प्रत्येक संघाच्या वरच्या चार जागा बहुतेक वेळा मोठे करार असलेल्यांकडे असतात. त्यामुळे सहाव्या फेरीतल्या मुलाने नजर ठेवायची ती तिसऱ्या जोडीवर (डिफेन्समन दोघादोघांच्या जोड्यांनी खेळतात), किंवा सातव्या डिफेन्समनच्या जागेवर. तिथून पुढे जाणारेही आहेत. मॅकेन्झी वीगर २०१३ साली सातव्या फेरीत, २०६ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. डॅन गिरार्डीला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. तो ईसीएचएल या एएचएलच्याही खालच्या लीगमधल्या शार्लटहून एएचएलच्या हार्टफर्डला गेला आणि तिथून न्यूयॉर्क रेंजर्सकडे. मार्क जिओर्डानोही ड्राफ्टबाहेरचा, तरी २०१९ साली सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याने मिळवली.

आता मुख्य मुद्दा, पक उचलण्याचा. समोरचा संघ पक आपल्या झोनमध्ये (आपल्या गोलकडच्या, निळ्या रेषेपर्यंतच्या भागात) टाकतो आणि डिफेन्समनला वळून मागे धावावं लागतं. ज्युनिअरमध्ये मागचा फॉरवर्ड अर्धा सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे पक घ्यायचा, मग मान वर करायची, मग ठरवायचं, हे चालून जातं. एएचएलमध्ये पहिला फॉरवर्ड अंगावर असतो आणि दुसरा पक कुठे जाणार हे ताडून बोर्डपाशी (रिंकच्या कडेच्या भिंतीपाशी) आधीच उभा असतो. म्हणून निर्णय पकला स्टिक लागायच्या आत झालेला हवा. त्यासाठी खांद्यावरून दोनदा मागे पाहायचं: एकदा वळताना आणि एकदा पकपासून दहा-पंधरा फुटांवर असताना. नवखी मुलं पहिल्यांदा पाहतात आणि दुसऱ्यांदा विसरतात. तेवढ्यात मागच्याने बाजू बदललेली असते आणि मुलगा नेमका त्याच्या अंगावर वळतो.

पकवर सरळ रेषेत धावत जाऊ नये. थोडं वळण घेऊन जावं, म्हणजे पक आणि मागचा माणूस यांच्यामध्ये आपली पाठ आणि कंबर येते. पहिल्या स्पर्शातच पक बोर्डपासून सोडवायचा, कारण बोर्डला चिकटलेला पक फोरहँडवर आणायला लागणारा वेळ इथे मिळत नाही. पुढचे पर्याय ठरलेले असतात आणि जोडीदार किंवा गोली ओरडून सांगतो: ‘व्हील’ म्हणजे पक घेऊन गोलमागून फिरून बाहेर निघ, ‘रिव्हर्स’ म्हणजे आलास त्याच बाजूला मागे सोड, ‘ओव्हर’ म्हणजे जोडीदाराला दे, ‘अप’ म्हणजे बोर्डपाशी उभ्या विंगरला लगेच दे. सगळ्यात वाईट सवय म्हणजे घाबरून पक बोर्डच्या कडेने जोरात फिरवून देणं. ज्युनिअरमध्ये तो निभावतो. एएचएलमध्ये समोरचा डिफेन्समन निळी रेषा सोडून खाली येतो, पक अडवतो आणि पुढची चाळीस सेकंद आपण आपल्याच झोनमध्ये अडकतो. कोचला नेमकी हीच शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, लक्षात राहते.

याची मोजदाद मुलाने स्वतः ठेवावी. संघाकडे प्रत्येक शिफ्टचा व्हिडिओ असतो. सामन्यानंतर व्हिडिओ पाहणाऱ्या सहायक कोचकडून फक्त आपल्या झोनमध्ये पक उचललेले प्रसंग मागून घ्यायचे आणि त्यातल्या किती वेळा पक आपल्या ताब्यात राहून झोनबाहेर गेला, ते वहीत टिपायचं. दहा सामन्यांनंतर कुठल्या बाजूला आणि कुठल्या हातावर गडबड होते, ते स्वच्छ दिसतं. डाव्या हाताने खेळणाऱ्याला उजव्या बाजूला उभं केलं की बहुतेकदा बॅकहँडवर बोर्डचा पक घेताना गाडी अडते. हे सरावाने सुटणारं आहे: सराव संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं कुणाला तरी बोर्डवरून पक टाकायला सांगायचे आणि बॅकहँडवर घेऊन मधे द्यायचे. दोन्ही बाजूंना खेळू शकणारा सातवा डिफेन्समन संघाला फार उपयोगी पडतो, कारण दुखापत कुठल्या बाजूच्या खेळाडूला होईल हे आधी कळत नाही. मुलगा उजव्या हाताचा असेल तर ती त्याची जमेची बाजू, कारण उजव्या हाताचे डिफेन्समन सगळीकडेच कमी आहेत.

दुसरी गोष्ट अंतराची. समोरून फॉरवर्ड वेगाने येतोय आणि आपण उलटे स्केट करत मागे सरकतोय, तेव्हा दोघांमधलं अंतर मधल्या लाल रेषेवर साधारण दीड-दोन स्टिक आणि आपल्या निळ्या रेषेवर एक स्टिक इतकं असावं. वेगाची भीती बसलेला मुलगा आणखी मागे सरकतो, निळी रेषा फुकट देतो, आणि समोरचा त्याच्याच पायांच्या आडून गोलीला न दिसणारा शॉट मारतो. मुळात चूक तिथे झालेली नसते. ती पाच सेकंद आधी, समोरच्या झोनमधून निघायला उशीर झाला तेव्हा झालेली असते. पक हातचा जातोय हे ओळखून पाय आधी हलले तर अंतर आपोआप राखलं जातं. स्टिक एका हातात, पातं बर्फावर, आणि आपण स्वतः फेसऑफच्या (पक टाकून खेळ सुरू करायच्या) ठिपक्यांच्या आतल्या बाजूला; समोरच्याला बोर्डकडे ढकलत न्यायचं.

गोलसमोर ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. वीस वर्षांचा मुलगा तिशीतल्या फॉरवर्डला ढकलून हलवू शकत नाही, आणि ढकलत राहिला तर क्रॉस-चेकिंगची (दोन्ही हातांत आडव्या धरलेल्या स्टिकने ढकलण्याची) पेनल्टी घेऊन बसतो. शॉट सुटण्याच्या क्षणी त्याची स्टिक उचलायची किंवा दाबून धरायची. आधी दाबली तर तो सोडवून घेतो, नंतर दाबली तर पक त्याच्या पात्याला लागून आत गेलेला असतो.

समोरच्या निळ्या रेषेवर स्टिक मागे उचलून मारायच्या जोरदार स्लॅपशॉटचा मोह टाळावा. पहिल्या अडवणाऱ्याच्या बाजूने जाणारा कमी उंचीचा, मनगटाने मारलेला रिस्टशॉट जास्त कामाचा. पायाला लागून परतलेला शॉट म्हणजे समोरच्याला मोकळं रान.

आणि दुसरा पीरियड. त्यात संघ बाजू बदलतात, आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो आणि थकलेल्या डिफेन्समनला बाहेर जाता येत नाही. त्यात आयसिंग झालं, म्हणजे मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला, तर खेळाडू बदलता येत नाहीत, दमलेल्या पाच जणांनाच फेसऑफला उभं राहावं लागतं. म्हणून दुसऱ्या पीरियडमध्ये पक लाल रेषेपलीकडे नेऊन आत टाकला आणि बदली केली, इतकं साधं खेळणाऱ्या मुलावर कोचचा भरवसा लवकर बसतो. शिफ्ट चाळीस-पंचेचाळीस सेकंदांच्या वर जाऊ देऊ नये.

पेनल्टी किलिंग, म्हणजे पेनल्टीमुळे आपला एक माणूस कमी असतानाचा खेळ, मागून घ्यावं. एनएचएलमध्ये बोलावणं येतं ते बहुधा बारा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी, आणि पॉवर प्लेवर (समोरच्यांचा माणूस कमी असताना) त्याला कुणी उभं करत नाही. एक माणूस कमी असताना शांत राहणारा आणि शॉटसमोर आडवा येणारा डिफेन्समन मात्र लागतोच. गिरार्डीने अख्खी कारकीर्द यावर उभी केली.

आता न खेळवण्याचा प्रश्न, कारण तो येणारच. एएचएल संघाकडे आठ-नऊ डिफेन्समन असतात. हंगाम ७२ सामन्यांचा, त्यातले बरेचसे शुक्रवार ते रविवारच्या मध्ये ठेवलेले. कधी तीन दिवसांत तीन सामने, मधे बसचा प्रवास. अनुभवी खेळाडूंना बाहेर बसवता येत नाही असंही नाही: एएचएलच्या नियमाने सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटर्सपैकी १३ जण कमी अनुभवाचे लागतात, म्हणजे बारा जण २६० किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले आणि एक ३२० पर्यंतचा. हा नियम पहिली तीन वर्षं तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. तरीही दोन-तीन आठवडे सलग गॅलरीत बसायची वेळ आली तर ईसीएचएलला पाठवा असं त्याने स्वतः सांगावं. घरच्यांना ती पायउतार वाटते, आणि इथेच पुष्कळ कुटुंबं चुकतात. तिथे वीसच्या वर मिनिटं मिळतात, पेनल्टी किल मिळतं, चूक केली तरी पुढची शिफ्ट मिळते. एएचएलमध्ये आठवड्याला आठ मिनिटं खेळून पक उचलणं सुधारत नाही.

करारातलं एक घड्याळ मात्र सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं. विसाव्या वर्षी पहिला करार केला तर तो तीन वर्षांचा असतो आणि टू-वे असतो: एएचएलमध्ये असताना पगाराची कमाल मर्यादा ८०-८५ हजार डॉलरच्या घरात, तर एनएचएलमध्ये २०२५-२६ चा किमान पगार ७,७५,००० डॉलर, जो तिथे काढलेल्या दिवसांच्या हिशेबाने मिळतो. त्याच वयाच्या मुलाला तीन वर्षं, किंवा एनएचएलचे १६० सामने होईपर्यंत, वेव्हर्सवर (इतर संघांना खेळाडू उचलायची मुभा देणाऱ्या यादीवर) न टाकता खाली-वर पाठवता येतं. ही सवलत संपली की चौथ्या हंगामाच्या सराव शिबिरात संघापुढे दोनच वाटा उरतात: त्याला वर ठेवायचं, किंवा वेव्हर्सवर टाकायचं. मग २४ तासांत कुठलाही दुसरा संघ त्याला उचलू शकतो. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी संघाला ‘हा गेला तर आपलं नुकसान आहे’ असं वाटायला लावणं, हे खरं काम. वेव्हर्सवर जाणं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. गुस्ताव फोर्सलिंगला जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाने वेव्हर्सवर टाकलं, फ्लोरिडाने उचललं, आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी त्याने तिथे स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला.

शरीराबद्दल थोडक्यात: हंगामात वजन वाढवायच्या मागे लागू नये, पाय जड होतात. आठवड्यातून दोनदा छोटं, जड वजनांचं सत्र ताकद टिकवायला पुरतं. वजन वाढवायचं ते उन्हाळ्यात, तेही स्केटिंगचा वेग मोजत मोजत.

तुम्ही त्याचे सामने पाहणार असालच. टीव्हीवर कॅमेरा पकमागे असतो, तेव्हा पक त्याच्या कोपऱ्यात टाकला गेला की पक सोडून त्याच्या हेल्मेटकडे पाहा. मान दोनदा मागे वळली, तर स्कोअरशीटवर शून्य असलं तरी तो सामना चांगला गेला असं समजा. आणि फोनवर त्याला गोल विचारू नका. पेनल्टी किलला किती वेळ होता, ते विचारा.