राउटर बदलण्याआधी

प्रश्न : २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. आतल्या खोलीत रात्री आठनंतर मीटिंग अडकते, आवाज तुटतो. सकाळी सगळं ठीक. केबलवाला म्हणतो, महागातला राउटर घ्या. घ्यावा का?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : इतक्यात नको. दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा की घरातल्या वायफायचा, हे आधी ठरवू. त्यासाठी एक लॅन केबल पुरते. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, केबल थेट राउटरला लावा आणि रात्री, नेट अडकतं नेमक्या त्या वेळी, स्पीड टेस्ट घ्या. मोबाइलवरची टेस्ट इथे उपयोगाची नाही. ती पुन्हा वायफायचाच आकडा दाखवणार.

केबलवर १८०-१९० आले तर लाइनला बोल लावू नका. सकाळी १९० आणि रात्री ४० दिसले तर गर्दी ऑपरेटरकडे आहे. मग राउटर दोन हजारांचा घ्या की दहा हजारांचा, फरक शून्य. आकडा कायम ९४-९५ वर अडत असेल तर तिसरंच कारण : कुठलं तरी पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे, नाहीतर केबलच्या आठ तारांपैकी एखादी टोकाच्या पिनमध्ये नीट दाबून बसलेली (क्रिंप झालेली) नाही. गिगाबिटला (१००० एमबीपीएसच्या जोडणीला) तारांच्या चारही जोड्या लागतात. एक सुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते.

तुमचं वर्णन वाचून आमचा संशय वायफायवर आहे. तपासायचं असेल तर लॅपटॉप पुन्हा वायफायवर घ्या आणि आतल्या खोलीत बसून विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, राउटरच्या स्टिकरवर असतो). शेवटी ‘-t’ जोडलं की पिंग चालू राहतो. पाच मिनिटं आकड्यांकडे बघा. २ ते १० मिलिसेकंद उत्तम. मध्येच २००-३०० किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसलं, तर माहिती घराबाहेर पडायच्या आधीच अडकतेय.

रात्रीच का? २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली आणखी आठ, आणि रात्री सगळ्यांचे राउटर एकदमच जोरात. सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून काढून या तिघांतला सर्वांत मोकळा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉप त्यावरच जोडा. तिथे गर्दी कमी, पण भिंत त्याला कमी झेपते. म्हणून राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमध्ये पाच-सहा फूट उंचीवर लावा. वाटेत गोदरेजचं कपाट किंवा आरसा असेल तर तोही सरकवा. पत्र्यातून वायफाय जात नाही.

एवढं करूनही आत रेंज नसेल तर रिपीटरच्या मोहात पडू नका. साधा रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा पंधरा मीटर कॅट-६ केबल ओढा आणि घरातला जुना राउटर आत लावा : त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, आणि केबल वॅनमध्ये (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये खोचा. ही शेवटची चूक दहातले सात जण करत असतील.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की बॉक्सवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि नेट जातं. लाइनमन येतो, बॉक्स बंद-चालू करतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच.
— वाचक, देवरुख

उत्तर : लाल दिवा ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) असेल तर बॉक्सपर्यंत प्रकाशच नीट पोचत नाहीये. बंद-चालू करून त्यात काही होत नाही. फायबरची काच पावसाला घाबरत नाही. पाणी शिरतं ते खांबावरच्या जॉइंट बॉक्समध्ये, आणि वाऱ्यात फांदीला घासणारी वायर आतून दुमडते.

लाइनमनला प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर आणायला सांगा आणि आकडा विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगला. उणे २७ च्या पुढे कडेलोट. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ चा उणे २७ झाला तर चौथा हिस्साच उरला. जॉइंट टेपने गुंडाळलेला असेल तर स्प्लायसिंग मशीनने (काच वितळवून जोडणाऱ्या यंत्राने) नवा करायला लावा. घरात पिवळी पॅचकॉर्ड खिळ्याला अडकवून काटकोनात वाकलेली नाही ना, आणि हिरव्या टोकाला निळं टोक जोडलेलं नाही ना, तेही बघा. हिरव्याचा काच-माथा ८ अंशांनी तिरका असतो, निळ्याशी तो बसत नाही. सुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका : तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

एक अपवाद. वीज गेल्या गेल्या, तुमचा बॉक्स इन्व्हर्टरवर चालू असूनही दिवा लाल होत असेल, तर ऑपरेटरच्या मशीनला बॅकअप नाही.

प्रत्येक वेळी तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवा. प्रश्न सुटला नाही तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे नंबर आणि तारखा कामी येतात.

प्रश्न : १००चा प्लॅन, पण फाइल उतरताना १२ च दिसतात. फसवणूक?
— वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये, फाइल मेगाबाइटमध्ये. १०० ला ८ ने भागा : १२.५. तुम्हाला जवळजवळ पूर्ण वेग मिळतोय.